मेस्त्रीचे कान

बायको गेल्यापासून घरात येतो तो प्रत्येकजण मला सांगतो, रडून घ्या. मी त्याला फिल्टरची कापी देतो आणि गप्प बसतो. रडणं काय, यायचं तेव्हा येईल. ते काय बोलावून येतं? परवा नात्यातला एकजण म्हणाला, "अहो, असे दगडासारखे कसे हो तुम्ही?" तेव्हा मला मेस्त्री आठवला. दगड म्हणायचं तर त्याला. त्याच्या बायकोच्या मयताच्या दिवशी त्यानं जे केलं ते तंजावुरात लोक अजून सांगतात, पण अर्धंच सांगतात. मी तिथं होतो. गाडी माझी होती. म्हणून मी पुरं सांगतो.

माझी शाळा सहावीपर्यंत, तीही तमिळ. हे अक्षर काकानं घरात मारून मारून शिकवलं. वळण बघू नका.

मेस्त्री म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा, आमच्यातलाच, घरी मराठी बोलणारा. तमिळ लोक आम्हांला रायर म्हणतात, आणि रायर म्हटला की तो ऑफिसात किंवा शाळेत, असं त्यांचं धरलेलं असतं. हाताला ग्रीस लागलेला रायर त्यांनी हा एकच बघितला. त्याचे दोघे भाऊ सरकारी नोकरीत. लग्नकार्यात ते ह्याला मागच्या ओळीत बसवायचे. ह्याला त्याचं काही नव्हतं. तो ताटावरून उठला की मांडवाबाहेर उभ्या केलेल्या गाड्यांमधून फिरायचा, आणि एखादी सुरू झाली की कान टवकारून उभा राहायचा.

ओरत्तनाडूच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. पाटीवर नाव नव्हतं. तमिळमध्ये एवढंच लिहिलेलं : "काय बिघडलंय ते सांगू नये."

नवा गिऱ्हाईक हसायचा. मेस्त्री हसायचा नाही. गिऱ्हाइकानं गाडी आणायची, तोंड बंद ठेवायचं. मेस्त्री मागचं दार उघडायचा, मागच्या सीटवर पाय दुमडून आडवा व्हायचा, खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढायचा आणि म्हणायचा, "चल." कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. परत आल्यावर टॉवेल बाजूला करून तो सांगायचा, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. किंवा, दुसरा इंजेक्टर. बॉनेट त्यानंतर उघडायचं.

एकदा शेतकी खात्यातला एक मोठा ऑफिसर बायकोला घेऊन आला. बाई बोलायला लागली, की हे तिकडे गेले होते तेव्हापासून कसा आवाज येतो, आणि आमच्या भावाच्या गाडीला पण असंच झालं होतं. मोठ्या देवळासमोर सिग्नलला गाडी थांबली तसा मेस्त्री दार उघडून उतरला आणि उन्हात चालायला लागला. ऑफिसर हाका मारतोय, मागे हॉर्न वाजतायत, हा मागे बघत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसर एकटा आला. तोंडावर बोट ठेवूनच गाडीतून उतरला.

तो चुकायचा नाही असं नाही. चुकायचा. पण चुकला की म्हणायचा, "गाडी खोटं बोलली." दोन वेळा गिअरबॉक्स उतरवून काही सापडलं नाही तरी म्हणणार, "लबाड आहे ही. मालकावर गेलीय." मालक समोर उभा.

मी त्याला एकदा विचारलं, "मेस्त्री, चूक तुमची कधी नसतेच का हो?"

"माझी असली तर मला ऐकू आली असती," म्हणाला.

त्याची बायको, आमच्या वैनी, बारीकशा, गोऱ्या. दुपारी जेवणाचा डबा घेऊन चालत यायच्या. हा गाडीखाली पडलेला असायचा. वैनी फाटकाशी आल्या की गाडीखालून आवाज यायचा, "उशीर केलास. आणि डाव्या चपलेचा पट्टा सुटत आलाय, शिवून घे." बघायचा नाही, नुसतं बोलायचा. मला वाटायचं, हा माणूस बायकोशी बोलतो का डिफरन्शियलशी? वैनी हसायच्या. माझ्या बायकोशी त्यांचं फार जमायचं, मंगळवारी दोघी देवीला जायच्या. तिला एकदा म्हणाल्या, "आमचे हे माझं तोंड कधी बघतात का नाही देव जाणे. पण मी घरात कुठंही शिंकले तर कुठल्या खोलीत ते वर्कशॉपातून सांगतील."

त्यांना एकच पोरगी. मद्रासला नोकरीला होती.

आता गाडीचं सांगतो. त्या वर्षांत रस्त्यावर कधी न बघितलेल्या गाड्या यायला लागल्या होत्या. तोपर्यंत माझ्याकडे जुनी डबडी होती. ती विकून मी एक मोठी डिझेल गाडी घेतली, भाड्यानं चालवायला. तिच्या मागच्या दारावर लांब अक्षरात टर्बो लिहिलेलं. लग्नाची माणसं ती बघूनच गाडी ठरवायची. टर्बो म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मेस्त्रीनं सांगितलं.

"चुलीला फुंकणी असते ना तुमच्या घरात? ती ही. धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, तो पंखा वारा आत कोंबतो. वारा मिळाला की जाळ चांगला, जाळ चांगला की ताकद. ही शिट्टी ऐकतोस? तो पंखा. ही शिट्टी आहे तोवर गाडी तरुण."

"आणि नसली तर?"

"फुंकणीला भोक पडलं तर काय होतं? तू फुंकून फुंकून मरतोस आणि चूल धुमसते. पंख्यापासून इंजिनापर्यंत रबराचे जाड पाइप आहेत. त्यात कुठं वारा सुटला की डिझेल तेवढंच, वारा कमी. काळा धूर आणि म्हातारीची चाल."

त्याला ती गाडी आवडली होती. आवडली असं तो म्हणाला नाही. आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिला वर्कशॉपात सगळ्यांच्या पुढे उभी करून घेतली, त्यावरून मी समजलो. आयुधपूजेला त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी गाड्या त्याच्याच आवारात आणायच्या असा नियम होता. गंध, कुंकू, लिंबू, आणि पुढे दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. बाकी लोक खुंट काथ्यानं बांधतात. हा लोखंडी तारेनं बांधायचा. एका वर्षी कुणाचा तरी खुंट वाटेत सुटून सायकलवाल्यासमोर पडला, तेव्हापासून. गाडीच्या तोंडाच्या जाळीतून तार आत घालायची, आत जे काही घट्ट हाताला लागेल त्याच्याभोवती फिरवायची आणि बाहेर पक्कडीनं पीळ द्यायचा. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. केळी सुकली की आपण बाहेरची तार तोडायची. आतला तुकडा राहिला तर राहिला.

दिवाळी झाली, आणि गाडीची ओढ कमी झाली. मागं बघितलं तर काळा धूर. भाडी जोरात होती, मुहूर्ताचे दिवस. आज नेतो, उद्या नेतो, असं चाललं होतं. एक दिवस पापनाशमला लग्नाची माणसं सोडली आणि बूथवरून घरी फोन केला, जेवायला येतो म्हणून. बायको म्हणाली, "वैनी गेल्या."

मी विचारलं, कुठं?

 ती म्हणाली, "दारात रांगोळी काढत होत्या. बसल्या त्या उठल्याच नाहीत. तुम्ही गाडी घेऊन सरळ तिकडेच या."

मी गेलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गल्लीत माणसं. दारातली रांगोळी अर्धीच होती, लोक तिला ओलांडून आत जात होते. आत वैनींना दक्षिणेकडे डोकं करून निजवलेलं, उशाशी दिवा आणि मातीच्या धुपाटण्यात सांब्राणीचा धूप. बायकांचा आक्रोश चाललेला. मेस्त्री बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला, टॉवेल खांद्यावर. त्याच्या आसपास कुणी बसलं नव्हतं.

त्याचा मोठा भाऊ आणि भटजी दारातच बोलत होते. पोरीला सकाळी फोन गेला होता, ती रेल्वेत बसली होती. ती उन्हं उतरता उतरता त्रिचीला पोचणार. तिथून तंजावूरची गाडी मिळून घरी यायला अंधार पडणार. भटजी म्हणाले, सूर्य असताना उचललं पाहिजे, उद्याचा दिवस धड नाही. भाऊ म्हणाला, "पोरगी उद्या येऊन अस्थी बघेल. काय करायचं!"

एकुलती एक पोर आईचं तोंड न बघताच राहणार हे तिथं ठरलं, आणि मेस्त्री ते ऐकत होता. मग माझ्याकडे बघून उठला. पायरी उतरून माझ्यासमोर आला.

मी म्हणालो, "मेस्त्री, वैनी अशा कशा हो..."

"गाडी कधीपासून अशी येते?"

मला वाटलं मी चुकून काही दुसरं ऐकलं.

"कोपऱ्यावर वळलास तेव्हा धूर बघितला मी. कधीपासून?"

"थोडे दिवस झाले. मेस्त्री, आता हे काय..."

"ह्यात त्रिचीला जाऊन पोरीला घेऊन दिवे लागायच्या आत येशील?"

तेव्हा मला कळलं. गावातल्या सगळ्या टॅक्सी लग्नांना गेलेल्या, हे मला त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. मी खरं तेच सांगितलं. "जाईन. पण चाळिसाच्या वर चढत नाही ती. पुढची बस ओलांडता येत नाही. अंधार होईल."

"बॉनेट उघड."

मी उघडलं. लोक बघायला लागले. "रेस कर," म्हणाला. मी पायानं दाबलं. तो वाकला, कान पाइपांशी नेला. आतून आक्रोशाचा आवाज वाढला. तो ताठ झाला, तीन ढांगांत पायऱ्या चढला आणि दारातून आत ओरडला, "गप! सगळ्या गप बसा!"

 मयताच्या घरात बायकांना असं कुणी ओरडल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. सगळ्या गप्प झाल्या. मग त्याची बहीण उठून दारात आली, "अरे पाप्या! बायको आत पडलीय तुझी!"

हा परत गाडीशी. "रेस कर." मी केलं. आता एवढी शांतता होती की मलाही आवाज आला, स्स्स करून, पुढे खाली कुठंतरी. कुठं ते मला सांगता आलं नसतं. तो ह्या बाजूनं वाकला, त्या बाजूनं वाकला. हात वर करून मला थांबवलं. माझ्या खिडकीपाशी आला आणि हळू विचारलं, "तुला काही ऐकू येतं?"

"येतं. वारा सुटल्यासारखं."

"मला येत नाही."

कानात बोट घालून त्यानं फिरवलं, दुसऱ्या कानात फिरवलं. "सकाळपासून नाही. तुझं बोलणं येतं. हे नाही येत."

हा माणूस चपलेचा पट्टा ऐकणारा.  मी म्हणालो, "वर्कशॉपला नेऊया, कॉम्प्रेसरनं वारा भरू."

"दुपारभर करंट नाही तिकडे."

तो बॉनेट सोडून मागे सरला. मग आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत वैनींच्या उशाशी ठेवलेलं धुपाटणं होतं.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो सांगायला मला शब्द नाहीत. बहिणीनं कपाळ बडवून घेतलं. भटजी "शिव शिव" म्हणत मागे सरले. मोठ्या भावानं त्याचं मनगट धरलं. "तू माणूस आहेस का कोण? प्रेताच्या उशाचं उचलून नेतोस? गाडीसाठी?"

"सोड. तिला सांब्राणी काय करायची? पोर यायला पाहिजे."

"वेड लागलंय ह्याला! कुणीतरी धरा रे!"

कुणी धरलं नाही. पुढे आली ती माझी बायको. बायकांमधून उठून, पदर खोचून. तिनं मेस्त्रीच्या हातातून धुपाटणं काढून घेतलं, कारण ते तापलेलं होतं आणि त्यानं ते उघड्या हातांनी धरलं होतं. त्याचे तळवे लाल झाले होते, त्याला पत्ता नव्हता. "द्या इकडे," म्हणाली. "निखारे पडतील." मग मला, "बघत काय उभे राहिलात? निखाऱ्यांना वारा घालायला पंखा आणा."

मी तिच्याबरोबर आयुष्य काढलं. ती कुणासमोर असं बोललेली मला ते एकदाच आठवतं.

मेस्त्रीनं तेलाचा रिकामा डबा मागवला, खिळ्यानं दोन भोकं पाडली. एका भोकाला सायकलचा पंप, दुसऱ्याला रबराची नळी. नळीचं दुसरं टोक टर्बोच्या तोंडात, आणि सभोवती ओला पंचा गच्च कोंबलेला. माझ्या बायकोनं निखारे डब्यात ओतले, वर मूठभर सांब्राणी टाकली, मेस्त्रीनं झाकण दाबून धरलं. "मार पंप. हळू. फुंकणीसारखा." मी मारायला लागलो. आत बहीण शिव्या देत होती. गल्लीतली माणसं एकेक करून जवळ आली. तीच माणसं, मघाशी थू म्हणणारी.

आधी काही नाही. मग जाळीच्या मागं, खालच्या जाड पाइपाच्या वळणावर, धुराचा पांढरा दोरा निघाला. सरळ वर आला आणि बॉनेटखाली पसरला. सगळ्या गाडीला त्या घरातला वास सुटला.

मेस्त्री रस्त्यावर पालथा पडला आणि जाळीखालून हात आत घातला. चाचपत राहिला. हात बाहेर आला तेव्हा बोटांत तारेचा गंजका तुकडा होता, त्याला केळीचं सुकलेलं सोपट चिकटलेलं. जुन्या गाड्यांत जाळीमागं लोखंडी दांडी असायची. ह्या गाडीत तिथं तो रबराचा पाइप होता. हादऱ्यांनी तार त्याच्यात रुतत गेली होती.

त्यानं तारेचा पीळ बघितला. तो डावखुरा. त्याचा पीळ उलटा पडायचा, साऱ्या तंजावुरात तसा पीळ दुसरा कुणी देत नव्हता.

"गाडी खोटं बोलली नाही," म्हणाला. "माझी तार."

बस, एवढंच. तार खिशात टाकली. सायकलची ट्यूब कापून चिरेवर ताणून गुंडाळली, माझ्या पेटीतले दोन क्लिप वरून आवळले. मग उठला, मागचं दार उघडलं आणि आत जायला लागला.

भाऊ धावत आला. "तू कुठं चाललास?"

"पट्टी टिकते का बघायला पाहिजे."

भटजी म्हणाले, "अहो, ज्यानं अग्नी द्यायचा त्यानं घर सोडून जाऊ नये!"

"मग दुसरा बघा," मेस्त्री म्हणाला. आणि भावाला, "मी येईपर्यंत उचलू नका."

"सूर्य तुझ्यासाठी थांबणार आहे?"

मेस्त्रीनं दार ओढून घेतलं. मागच्या सीटवर पाय दुमडून आडवा झाला, टॉवेल तोंडावर घेतला. "चल."

बायकोला घरात निजवून हा माणूस गाडीचं इंजिन ऐकायला निघाला, असं त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येकाला वाटलं. खरं सांगू, स्टिअरिंग धरून मला पण वाटलं.

गाडी ओढायला लागली. वल्लमच्या चढाला शिट्टी आली. त्याच्या गाडीत बोलायचं नाही ह्या सवयीनं मी गप्प होतो. टॉवेलखालून आवाज आला, "शिट्टी येते का?"

"येते, मेस्त्री."

"नीट?"

"नीट."

थोड्या वेळानं परत, "येते का?" मी परत, "येते." त्रिचीपर्यंत असं चाललं. एकदा मी आरशात बघितलं. टॉवेल तोंडाशी ओला झालेला आणि वर खाली होत होता. नंतर मी आरशात बघितलं नाही.

रेल्वे उशिरा आली. पोरगी उतरली, खांद्याला पिशवी. तिला घरच्यांनी फोनवर सांगितलं होतं, आईला बरं नाही, निघून ये. बापाला प्लॅटफॉर्मवर बघून ती जागच्या जागी थांबली.

मेस्त्री म्हणाला, "आई गेली. चल, उशीर होतोय."

मीच हादरलो. पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. "असं सांगतात का अप्पा?"

"कसं सांगतात?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं त्यानं, त्याला उत्तर हवं होतं. तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली, परत मारली, आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. त्यानं तिची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

परत येताना तो पुढे बसला, ती मागं. सूर्य आमच्या पाठीशी, माझ्या आरशात. मी गाडी पळवली, आयुष्यात तशी पळवली नाही. लग्नाच्या बसा, ऊस भरलेल्या लॉऱ्या, सगळ्या मागं टाकल्या. वल्लम जवळ आलं आणि पुढं फट् करून वाजलं. शिट्टी गेली. पाय पुरा दाबला तरी गाडी हलक्यानंच चालली, आणि मागं काळं.

मी बाजूला घ्यायला लागलो. "थांबू नको," मेस्त्री म्हणाला.

"पट्टी सुटली हो."

"ठाऊक आहे. धूर सोडत चल. पण चल."

ज्या बसा मी मागं टाकल्या होत्या त्या हॉर्न मारत पुढे गेल्या. गावात शिरायच्या आधीच आरसा रिकामा झाला. सूर्य गेला. 

मेस्त्रीची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं मी वळवली आणि ब्रेक मारला. समोरून तिरडी येत होती. चौघांच्या खांद्यावर, पुढे मोठा भाऊ मडकं घेऊन. त्यांनी थांबून बघितलं होतं, अगदी शेवटपर्यंत थांबले होते, हे मला नंतर बायकोनं सांगितलं. पण तेव्हा गाडीचं तोंड आणि वैनींचे पाय समोरासमोर आले, आणि माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

पोरगी दार उघडून धावली. "आई!"

भटजी आडवे आले. "वाटेत थांबवू नये. चला, चला."

"मला बघू दे आधी!"

मोठा भाऊ म्हणाला, "वेळ झाली गं, पोरी. काय करू मी!"

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत येतात आणि तिथून माघारी फिरतात. माझी बायकोही त्यांच्यात उभी होती. म्हणजे पोरीला बघायचं तर ह्या चार हातांच्या जागेत, नाहीतर कधीच नाही. हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

मेस्त्री उतरला. "खाली घ्या."

"खाली?" भटजींचा आवाज फाटला. "रस्त्यावर जमिनीला टेकवायची? इथं? काय बोलतोस ते कळतं का तुला?"

मेस्त्री वळला आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर त्यानं हात आपटला. "ही जमीन आहे? हिच्यावर ठेवा."

 खांदा दिलेल्यांमध्ये एक ऑटोवाला होता, मेस्त्रीच्या हाताखालून ज्याची ऑटो कितीदा गेली असेल. त्यानं भावाकडे बघितलं नाही. तो सरळ पुढे झाला, आणि बाकीच्या तिघांना त्याच्याबरोबर यावंच लागलं. बांबू पत्र्यावर करकरला. गाडी पुढून थोडी दबली, मला सीटवर कळलं.

"इंजिन बंद कर," मेस्त्री मला म्हणाला.

मी किल्ली फिरवली. माझ्या काचेच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, फुलांची चादर होती. माझ्या बायकोनं पुढं होऊन तोंडावरचं वस्त्र सारलं आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी वाकली. रडली नाही. आईच्या कपाळाकडे बघून म्हणाली, "कुंकू कुणी लावलं? वाकडं लावलंय." बोटाला थुंकी लावून तिनं कडा पुसली. मग केसांची बट कानामागं घातली, ती राहीना, परत घातली.

मागं मोठ्या रस्त्यावर लग्नाची एक बस अडकली होती. वळायला तिला जागा नव्हती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला, काढेचना. मेस्त्री चालत त्याच्या खिडकीखाली गेला. मला वाटलं आता ह्याच्या हातून काहीतरी होणार.

त्यानं मान वर करून तमिळमध्ये एवढंच सांगितलं, "बंद कर, बाबा. पोरगी आईला बघते आहे."

ड्रायव्हरनं हॉर्न सोडला. थोडं थांबून इंजिन पण बंद केलं. मग तिच्या मागच्या लॉरीनं केलं. मग तिच्या मागच्या ऑटोनं.